फायलींचं ग्रंथालय : प्रस्तावना

मराठी वाचकाच्या संगणकात ई-पुस्तकं कुठून कुठून येतात हे पाहिलं की त्यांचा पसारा का होतो ते लगेच कळतं. ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले जाडजूड ग्रंथ, इंटरनेट अर्काइव्हवर चढलेले जुन्या छापील पुस्तकांचे स्कॅन, पैसे मोजून घेतलेली किंडलची पुस्तकं, आणि शिवाय व्हॉट्सॲपच्या गटांवर कुणी ना कुणी रोज टाकत असलेल्या पीडीएफ. काही वर्षांत आकडा हजारांत जातो. मग एके दिवशी कुणी विचारतं, ‘तुमच्याकडे लोकहितवादींचं काही आहे का?’ आणि आपण ‘आहे ना’ म्हणून शोधायला बसतो. पुस्तक असतं, पण फाईलचं नाव असतं नुसता आकडा. अर्काइव्हवरच्या कित्येक स्कॅनना असंच आकड्याचं नाव असतं, आणि जिथे शीर्षक असतं तिथेही ते रोमन लिपीत असं काही लिहिलेलं असतं की ‘निबंध’ आणि ‘निर्बंध’ यांत फरक करता येऊ नये.

कपाटातल्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. त्याचा कणा दिसतो, रंग आठवतो, ‘वरच्या फळीवर डावीकडे, पाठ फाटलेलं’ एवढ्यावर हात तिथे जातो. कपाट नीट न लावताही माणसाचं निभतं, कारण निम्मी तालिका डोक्यात असते. फाईलला कणा नाही. तिची नोंद नसेल तर ती असून नसल्यासारखी, आणि म्हणूनच छापील पुस्तकांच्या बाबतीत ज्यांनी आयुष्यात कधी यादी केली नाही त्यांनासुद्धा ई-पुस्तकांची यादी करावीच लागते. हे पुस्तक त्या यादीबद्दल आहे. ती ‘कॅलिबर’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये कशी करावी हे यात सांगितलं आहे. पण प्रोग्रॅमचा भाग सोपा आहे. अवघड भाग म्हणजे आपल्या पुस्तकांना, लेखकांना आणि विषयांना काय नावं द्यायची ते ठरवणं. ते काम कुठलाही प्रोग्रॅम आपल्यासाठी करत नाही, आणि मराठी पुस्तकांसाठी तर मुळीच नाही.

‘फोल्डर करून ठेवले की झालं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कादंबरी, कविता, नाटक, इतिहास असे फोल्डर. त्यांच्या पोटात लेखकांचे. शंभर-दोनशे पुस्तकांपर्यंत हे चालतं. मग इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ हातात येतं. ते ललितमध्ये ठेवायचं, महाभारतात, की समाजशास्त्रात? १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक म्हणून वेगळी रांग हवी असेल तर तिथे? फोल्डर एकच जागा देतो. चारही ठिकाणी प्रती ठेवल्या तर चार फायली होतात आणि त्यांतल्या एकीतच आपण खुणा केलेल्या असतात. ग्रंथालयशास्त्रात ही अडचण जुनी आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण मांडलं ते याच अडचणीला उत्तर म्हणून: पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याचे निरनिराळे पैलू सुटे नोंदवायचे आणि मग जोडायचे. तरी फळीवर शेवटी पुस्तक एकाच जागी उभं राहतं. संगणकातल्या नोंदीला फळीच नसल्यामुळे तेही बंधन उरत नाही. एका पुस्तकाला पाच टॅग लावले तर ते पाच ठिकाणी सापडतं आणि फाईल एकच राहते.

कॅलिबरचा जन्म मात्र ग्रंथालयाच्या विचारातून झालेला नाही. २००६ साली सोनीने पीआरएस-५०० हे ई-वाचक उपकरण अमेरिकेत विकायला काढलं. ते लिनक्सवर चालत नव्हतं. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने ते घेतलं होतं, आणि चालत नाही म्हटल्यावर ते चालवणारा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. त्याचं पहिलं नाव ‘लिबपीआरएस५००’ असं उच्चारताना जीभ अडखळणारं होतं. २००८मध्ये ते कॅलिबर झालं. उपकरणावर पुस्तकं चढवायची म्हणजे ती एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलावी लागतात, आणि बदलायची तर कुठली आहेत ते आधी माहीत हवं, अशा गरजेपोटी त्यात रूपांतर आलं, मग नोंदी आल्या, मग शोध. आज तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, जीपीएल परवान्याखाली फुकट मिळतो आणि त्याच्या नव्या आवृत्त्या सतत येत असतात. मोबाइलसाठी त्याचं ॲप नाही. पण घरातल्या वायफायवर संगणकातला संग्रह फोनच्या ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

पुस्तक कॅलिबरमध्ये घातलं की तो त्याची प्रत स्वतःच्या फोल्डरात नेऊन ठेवतो. लेखकाच्या नावाचा एक फोल्डर, त्यात पुस्तकाच्या नावाचा, पुढे कंसात क्रमांक. आत मूळ फाईल, मुखपृष्ठाचं चित्र आणि नोंदीची एक छोटी फाईल. सगळ्या संग्रहाची मिळून नोंद एका एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये असते. मराठी माणूस पहिल्यांदा हे फोल्डर उघडून पाहतो तेव्हा दचकतो, कारण तिथली नावं रोमन लिपीत असतात. आपण स्वच्छ देवनागरीत लिहिलेलं ‘देशपांडे’ तिथे चमत्कारिक इंग्रजी अक्षरांत उतरलेलं दिसतं. बिघाड झालेला नसतो. फाईल कुठल्याही यंत्रावर उघडावी म्हणून प्रोग्रॅम तशी नावं देतो. पडद्यावरच्या यादीत सगळं देवनागरीच राहतं. आपल्यासाठी नियम एकच: त्या फोल्डरात हाताने काहीही करायचं नाही. नाव बदलायचं नाही, फाईल हलवायची नाही, काढायची नाही. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांत सभासदाने कपाटांत शिरायचं नसे, खिडकीशी चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक बाहेर यायचं. इथे तसंच आहे. वर्षानुवर्षं फोल्डरांची झाडं वाढवणाऱ्यांना हा नियम जड जातो, आणि कॅलिबर सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात.

आता नावांकडे. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण लेखकांच्या नावांवर आहे, आणि ते तसंच असायला हवं होतं. पु. ल. देशपांडे हे नाव घ्या. अक्षरांमध्ये जागा सोडून, न सोडून, पूर्ण ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ लिहून, आणि रोमनमध्ये ‘पी. एल.’ असं, इतक्या तऱ्हांनी ते फायलींवर येतं. कॅलिबरच्या दृष्टीने हे तितकेच लेखक. यादीत ते चार ठिकाणी दिसतात आणि प्रत्येकाखाली थोडी थोडी पुस्तकं. यावर उपाय सोपा आहे: लेखकांच्या यादीत जाऊन एकाचं नाव दुसऱ्यासारखं केलं की दोन्ही एकत्र होतात. फक्त कुठलं रूप कायम ठेवायचं ते एकदा ठरवावं लागतं आणि मग पाळावं लागतं. आद्याक्षरांनंतर टिंब, टिंबानंतर जागा, आडनाव पूर्ण, ही या पुस्तकात सुचवलेली पद्धत. दुसरी कुठलीही चालेल. दोन पद्धती मात्र चालणार नाहीत.

काही बाबतींत दोन नावं डोळ्यांना एकसारखीच दिसतात आणि तरी यादीत दोन राहतात. ॲगाथा ख्रिस्तीचे मराठी अनुवाद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी यादी उघडून पाहावी. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २००८पासून स्वतंत्र अक्षर आहे. त्याआधी, आणि कित्येक कळफलकांवर आजही, ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देतात. पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती निरनिराळी अक्षरं. ‘कादंबऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चंही तेच, तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि मग ‘कादंबऱ्या’ नावाचे दोन टॅग एकाखाली एक उभे राहतात. कुणाला वाटेल की प्रोग्रॅम बिघडला. तो बिचारा अक्षरांचे आकडे पाहतो, आकार पाहत नाही.

क्रम लावण्याची तऱ्हा आणखी मजेशीर आहे. कॅलिबर लेखकाच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणतो. ‘विनोबा भावे’चं ‘भावे, विनोबा’ होतं; ठीक. ‘साने गुरुजी’ मात्र ‘गुरुजी, साने’ होऊन ‘ग’मध्ये जाऊन बसतात, ‘गोडसे भटजी’ ‘भ’मध्ये, आणि सगळे महाराज, मग ते तुकडोजी असोत की आणखी कुणी, ‘म’खाली एका रांगेत. इंग्रजीतल्या डॉक्टर, प्रोफेसर अशा उपाध्या तो ओळखून बाजूला ठेवतो, आपल्या ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ची त्याला ओळख नाही. पण ती करून देता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. सेटिंगमध्ये ‘ट्वीक्स’ नावाचा एक विभाग आहे. त्यातल्या उपाध्यांच्या यादीत ‘डॉ’, ‘प्रा’, ‘ॲड’ हे शब्द घालायचे. आणि ज्या शब्दांमुळे नाव उलटू नये अशा शब्दांच्या यादीत ‘गुरुजी’, ‘महाराज’, ‘भटजी’, ‘मंडळ’, ‘प्रतिष्ठान’ घालायचे. मग साने गुरुजी ‘स’मध्ये येतात आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नावही उलटंपालटं होत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ते पहिल्या दिवशी करावं, कारण आधीच उलटून बसलेली नावं नंतर पुन्हा मोजायला सांगावी लागतात.

टोपणनावांचा प्रश्न मात्र सेटिंगने सुटणारा नाही. तिथे मत असावं लागतं. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून स्वतःच्या नावाने लिहीत, कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखनात बाळकराम. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता आरती प्रभूंच्या नावावर. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही तर दोन्ही नावं पुस्तकांवर ठळक छापली जातात. सगळं एका नावाखाली ओढावं असं म्हणणारा पक्ष आहे, आणि ग्रंथालयांच्या दृष्टीने त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मी दुसऱ्या पक्षाचा. मुखपृष्ठावर जे नाव लेखकाने छापू दिलं तेच लेखकाच्या रकान्यात राहावं. आरती प्रभूंच्या कवितासंग्रहावर खानोलकर लिहिणं मला आगाऊपणा वाटतो. खऱ्या नावासाठी वेगळा रकाना करता येतो. तो कसा करायचा ते चौथ्या प्रकरणात आहे, आणि त्या रकान्यात शोधलं की दोन्ही नावांची पुस्तकं एकत्र समोर येतात.

स्वतःचे रकाने तयार करण्याची ही सोय हेच माझ्या मते कॅलिबर वापरण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. त्याच्या ठरावीक रकान्यांत अनुवादक नाही. इंग्रजी वाचकाला त्याचं फार अडत नसेल. मराठीत अनुवादांशिवाय कपाट भरतच नाही. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाने उमा कुलकर्णींच्या मराठीत वाचल्या, कारंतही त्यांच्याकडून वाचले. अनुवादकाचा रकाना केला की ‘उमा कुलकर्णी’ या एका नावाखाली कानडी साहित्याची एक खिडकीच उघडते. तसाच ‘मूळ भाषा’, तसाच ‘पहिली आवृत्ती’. हा शेवटचा जरा विचार करायला लावतो, कारण जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं असतं. त्यात ७८ मिळवायचे, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९. शके १८४५ म्हणजे १९२३-२४. शक जसाच्या तसा तारखेच्या रकान्यात टाकला तर केळकर आणि खाडिलकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुस्तकं प्रसिद्ध करू लागतात.

ही माहिती इंटरनेटवरून आपोआप उतरवून घेण्याची सोय कॅलिबरमध्ये आहे, आणि इंग्रजी पुस्तकांसाठी ती झकास चालते. मराठीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. ज्या पुस्तकांवर आयएसबीएन आहे, म्हणजे ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होणारा क्रमांक, त्यांच्यातल्या काहींची माहिती मिळते. जुन्या पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो. नावावरून शोधलं तर भलत्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ येऊन चिकटतं. तेव्हा नोंद हाताने करायची, हे मनाशी धरूनच चालावं. जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड आहेत. पहिल्यात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातली छापील मराठी पुस्तकं नोंदलेली आहेत. शीर्षकपान फाटलेल्या स्कॅनचा लेखक, प्रकाशक, साल शोधायला त्याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. संगणक नसताना माणसांनी हे काम केलं, हे त्याची पानं उलटताना सारखं जाणवत राहतं.

दिवाळी अंकांचं काय करायचं हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि तिच्यासाठी कुठल्याच परदेशी प्रोग्रॅममध्ये जागा नाही. अंकाला एक लेखक नसतो. संपादक बदलत जातात. नाव दरवर्षी तेच. पण कॅलिबरमध्ये मालिकेतल्या पुस्तकांसाठी एक रकाना आहे आणि त्याला क्रमांक देता येतो. तो क्रमांक एकपासूनच सुरू व्हावा अशी सक्ती नाही. मालिकेचं नाव म्हणून अंकाचं नाव द्यायचं, क्रमांक म्हणून साल. ‘मौज, १९९८’ मग आपोआप १९९७ आणि १९९९च्या मध्ये बसतो आणि मधली रिकामी वर्षंही लगेच दिसतात. लेखकाच्या जागी अंकाचंच नाव घालावं. संपादकासाठी, हवा असेल तर, स्वतंत्र रकाना. आणि अनुक्रमणिका, कितीही कंटाळा आला तरी, टिपणाच्या रकान्यात टाइप करावी. दिवाळी अंकातली कथा पुढे संग्रहात येते, कधी येतही नाही. ‘ती कथा कुठे वाचली होती’ याचं उत्तर द्यायला त्या अनुक्रमणिकेशिवाय दुसरं काही नसतं.

यावर कुणी म्हणेल, टाइप कशाला करायचं, पुस्तकाच्या आतला मजकूरच शोधता येतो की! येतो, २०२२मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबर संग्रहातल्या सगळ्या पुस्तकांच्या आत शोधू शकतो. मराठी पीडीएफपुढे मात्र त्याचा नाइलाज होतो. स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं, त्यात शब्दच नसतात. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेली पुस्तकं पडद्यावर सुंदर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. आणि युनिकोड वापरून केलेल्या पीडीएफमध्येसुद्धा अक्षरांचा क्रम पुष्कळदा दिसण्याप्रमाणे साठवलेला असतो; ‘विठ्ठल’ कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी येऊन पडते आणि शोधणाऱ्याला विठ्ठल भेटत नाही. त्यामुळे पीडीएफचं ईपब करण्याच्या नादी मराठी वाचकाने सरसकट लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या लाडक्या पुस्तकासाठी टेसरॅक्टसारखं अक्षर ओळखणारं साधन वापरून, मुद्रितं तपासून ते करावं. टेसरॅक्टला मराठी येतं. बाकीच्या पीडीएफ तशाच राहू द्याव्यात आणि नोंद चांगली करावी.

हक्कांविषयी थोडक्यात. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता मुक्त आहे. हयात लेखकांची पुस्तकं स्कॅन करून गटांवर फिरवली जातात ती मुक्त नाहीत, आणि ती संग्रहात नीट लावून ठेवण्याची पद्धत शिकवावी असं मला वाटत नाही. विकत घेतलेल्या पुस्तकांवरचं कुलूप कसं काढायचं हेही या पुस्तकात नाही. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने उपकरणात घालण्याची सोय बंद केली, त्यामुळे ‘विकत घेतलं म्हणजे माझं झालं का’ हा प्रश्न अनेकांना नव्याने पडला. प्रश्न रास्त आहे. अशा पुस्तकांची निदान नोंद तरी करून ठेवता येते: फाईल नसलेलं पुस्तकही कॅलिबरच्या यादीत घालता येतं. कपाटातल्या छापील पुस्तकांसाठीही हीच युक्ती.

राखणीचं प्रकरण लहान आहे, पण ते आधी वाचलेलं बरं. संग्रहाचा फोल्डर नेटवरच्या ड्राइव्हशी सतत जुळत राहणाऱ्या जागी ठेवू नये. डेटाबेस अर्धा लिहिलेला असताना त्याची प्रत गेली तर गोंधळ होतो. प्रोग्रॅम बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचा, एवढंच. मुख्य डेटाबेस खराब झाला तरी प्रत्येक पुस्तकाशेजारी असलेल्या त्या छोट्या फाईलवरून तो पुन्हा उभा करता येतो.

पुस्तक वाचण्याच्या क्रमाबद्दल दोन शब्द. मेनूंची नावं इंग्रजीच ठेवली आहेत, देवनागरीत लिहून. पडद्यावर दिसतं ते आणि इथे छापलेलं ते जुळायला हवं. पहिली दोन प्रकरणं प्रोग्रॅम बसवण्याची आहेत, ज्यांना ती गरज नाही त्यांनी थेट तिसऱ्याकडे, म्हणजे लेखकांच्या नावांकडे जावं. टॅगांचं प्रकरण वाचण्याआधी कागदावर आपल्या विषयांची यादी करावी आणि ती तीसच्या पुढे गेली तर त्यातले निम्मे विषय खोडावेत; ‘कादंबरी’च्या पोटात ‘ऐतिहासिक’ घालता येतं, त्यासाठी दोघांच्या मध्ये टिंब द्यायचं असतं आणि एक सेटिंग बदलायचं असतं. सुरुवातीला सगळा साठा एकदम आत ओतू नये. एका लेखकाची, ज्याचं सगळं आपण वाचलं आहे अशा लेखकाची, पुस्तकं आधी घ्यावीत. ती बिनचूक लागली की पुढच्या लेखकाकडे वळावं. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांचा नंबर सर्वांत शेवटी, आणि त्यांतली पुष्कळशी तेव्हा घ्यावीशीही वाटणार नाहीत.